वतनाविना वंशावळ
(एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच विवाहलेखांच्या परिचयग्रंथाची प्रस्तावना)

आपल्या मुलखात वंशावळ ही वतनाच्या मागोमाग चालत आली आहे. पेशवे दप्तरात किंवा एखाद्या जुन्या देशमुखी घराण्याच्या रुमालांत जे करीने, महजर आणि कैफियती सापडतात, त्यांतील पिढ्यांची मोजदाद कोणी पितृस्मरणाच्या निखळ ओढीने केलेली नसते. पाटीलकीचा वाद गोतसभेपुढे गेला, कुलकर्णाच्या हक्कावरून दोन भाऊबंद भांडू लागले, अथवा १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदांची रुजुवात मागितली, म्हणजे मूळ पुरुषापासून विद्यमान वारसापर्यंतची परंपरा कागदावर मांडणे भाग पडे, आणि त्या गरजेतून वंशवृक्ष उभा राही. ज्याच्यापाशी भांडण्याजोगे वतन नव्हते, जो दुसऱ्याच्या शेतावर राबत होता किंवा हंगाम पाहून गाव बदलत होता, त्याला त्याच्या पणज्याचे नाव कोणत्याही अधिकाऱ्याने कधी विचारले नाही, आणि विचारले नाही म्हणून ते कोणी लिहूनही ठेवले नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली हे खरे; पण त्या वहीत नाव येण्यासाठी तीर्थयात्रेची ऐपत लागे, आणि तेथेही पुरुषांची मालिका जितकी सलग मिळते तितकी स्त्रियांची मिळत नाही. विसाव्या शतकात आपल्याकडे आडनावागणिक कुलवृत्तांत सिद्ध झाले, त्यांच्या संपादकांनी अपार परिश्रम घेतले. तरी त्यांची सामग्री बहुतांशी याच दोन खाणींतून आली असल्यामुळे त्यांचा विस्तारही त्याच वर्गांपुरता राहिला.

हे सारे प्रारंभीच मांडण्याचे कारण असे की, प्रस्तुत ग्रंथात ज्या कागदांचा परिचय करून द्यावयाचा आहे ते अशा देशातील आहेत, जेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून पूर्वजांविषयीचा हा प्रश्न कायद्याने सर्वांनाच विचारला: शेतमजुराला, विणकराला, धुणे धुणाऱ्या बाईला, अनाथालयात वाढलेल्या मुलालासुद्धा, आणि तोही नेमका विवाहाच्या प्रसंगी. फ्रान्समधील सामान्य माणसाला आपले पूर्वज आज नावगावासह सापडतात, ही त्या राज्यसंस्थेच्या संशयी स्वभावाची देणगी आहे असे माझे मत झाले आहे. वधूवर कोण, त्यांचे जन्मदाते कोण, ते हयात आहेत की नाहीत, हयात असल्यास त्यांची संमती आहे काय आणि नसल्यास ते कोठे व केव्हा वारले, हे सर्व दाखल्यानिशी सिद्ध केल्यावाचून विवाह लागू द्यावयाचा नाही असा आग्रह तिने धरला. त्या आग्रहाचा कागदी अवशेष हाच कोट्यवधी बिनवतनी घराण्यांचा इतिहास होऊन बसला आहे.

नोंदींची सवय त्या देशाला नवी नव्हती. १५३९ च्या विलेर-कोतेरे येथील राजाज्ञेने धर्मगुरूंना बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्यास फर्मावले, १५७९ च्या ब्लुआच्या आज्ञेने विवाह आणि दफन यांची त्यात भर घातली, आणि १६६७ पासून प्रत्येक वही दुहेरी लिहून तिची एक प्रत न्यायालयात दाखल करण्याचा दंडक आला. परंतु ही वही चर्चची होती आणि राजमान्य पंथाबाहेरील प्रजेला तीत स्थान नव्हते. १६८५ मध्ये नांतचे सहिष्णुतेचे फर्मान रद्द झाल्यापासून प्रोटेस्टंट दांपत्यांना कायदेशीर विवाहाचा मार्गच उरला नाही. रानात किंवा घरात लपून लावलेली त्यांची लग्ने सरकारच्या लेखी लग्ने नव्हती आणि त्यांची अपत्ये औरस नव्हती. १७८७ च्या आज्ञेने त्यांना चर्चबाहेर नोंद करण्याची मुभा दिली, तेव्हा आयुष्य एकत्र काढलेली वृद्ध जोडपीसुद्धा आपल्या जुन्या विवाहाची नोंद करवून घेण्यास पुढे आली. त्यानंतर पाचच वर्षांनी, २० सप्टेंबर १७९२ रोजी, आपल्या अस्तित्वाच्या अखेरच्या दिवशी तेथील विधिमंडळाने जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या धर्मगुरूंकडून काढून प्रत्येक गावच्या नागरी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केल्या. घटस्फोटाचा कायदाही त्याच दिवशी मंजूर झाला. १८०४ च्या नागरी संहितेने या व्यवस्थेची चौकट पक्की केली, आणि १८१० च्या दंडसंहितेने, गावकचेरीत विवाह झाल्याचा दाखला पाहिल्यावाचून धार्मिक विधी लावणारा धर्मगुरू शिक्षेस पात्र ठरविला. भाविकातल्या भाविक खेड्यातही मग प्रत्येक जोडप्याची पहिली पायरी गावकचेरीची झाली. आपल्याकडे 'नोंदणी विवाह' म्हटले की रूढी सोडून वेगळी वाट धरणाऱ्यांचा विवाह मनापुढे येतो. फ्रान्समध्ये तो सर्वांचाच होता, आणि म्हणूनच त्याच्या वहीतून सुटलेला मनुष्य विरळा.

आता प्रत्यक्ष लेखाकडे वळतो. रकान्यांच्या तक्त्यावर डोळे सरावलेल्या वाचकाला तो प्रथम बुजवतो, कारण तो सलग गद्यात, एकाच प्रदीर्घ वाक्यात गुंफलेला, पुष्कळदा एक अख्खे पान व्यापणारा असतो. नागरी संहितेच्या ७६ व्या कलमाने त्यात काय असावे हे ठरवून दिले होते: वधूवरांची नावे, व्यवसाय, वये, जन्मस्थाने आणि निवासस्थाने, दोहोंकडील मातापित्यांची नावे, व्यवसाय आणि निवास, त्यांची संमती, कचेरीच्या दाराशी लागोपाठच्या दोन रविवारी झालेली विवाहाची जाहीर उद्घोषणा, कोणी हरकत घेतली असल्यास तिचा निर्देश, उभयतांनी तोंडाने दिलेला होकार आणि अधिकाऱ्याने कायद्याच्या नावाने केलेली विवाहाची घोषणा, आणि शेवटी चार साक्षीदारांची नावे, वये, व्यवसाय व वधूवरांशी असलेले नाते. याशिवाय अधिकाऱ्याने पतिपत्नींच्या हक्ककर्तव्यांचे प्रकरण वाचून दाखवावयाचे असे. पतीने पत्नीचे रक्षण करावे आणि पत्नीने पतीची आज्ञा पाळावी, हे त्यातील २१३ वे कलम एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक फ्रेंच वधूने भर कचेरीत उभे राहून ऐकले आहे.

या लेखाचे सामर्थ्य कळण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. १८३५ साली नॉर्मंडीतील एका खेड्यात बावीस वर्षांची सूतकताई करणारी मुलगी सत्तावीस वर्षांच्या एका पिठाच्या गिरणीतील गड्याशी विवाह करीत आहे. वधूची आई उपस्थित असून संमती देत आहे. बाप अमुक गावी अमुक दिवशी वारल्याचा दाखला जोडला आहे. वराचे मायबाप पलीकडच्या तालुक्यात शेतमजुरी करतात; त्यांना येणे झाले नाही म्हणून त्यांनी नोटरीपुढे लिहून दिलेली संमती सादर झाली आहे. साक्षीदारांत वधूचा चुलता आहे आणि वराचा मेहुणा आहे. या एका पानातून आठ माणसे आणि चार गावे हाती लागतात. वराच्या जन्माचे गाव समजल्यामुळे त्याच्या जन्मलेखापर्यंत जाता येते, वधूच्या बापाच्या मृत्युलेखातून त्याचे अंदाजे वय आणि त्याच्याही मातापित्यांची नावे मिळण्याचा संभव असतो, आणि तो बाप १७७५ च्या सुमारास जन्मलेला असल्यास शोध आपोआप क्रांतीपूर्वीच्या चर्चच्या वहीत उतरतो. जन्मलेख एका पिढीची गोष्ट सांगतो, मृत्युलेख तर पुष्कळदा शेजाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर लिहिलेला असतो. विवाहलेखात मात्र दोन घराणी दोन पिढ्यांनिशी, हयात माणसांच्या समक्ष, दाखल्यांच्या आधारे उभी राहतात. यास्तव कुलसंशोधकाने विवाहापासून विवाहाकडे मागे मागे जावे, जन्म व मृत्यू यांचे लेख रुजुवातीसाठी वापरावे, असा या ग्रंथात सर्वत्र पुरस्कार केला आहे.

संमतीच्या प्रकरणाकडे विशेष लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते, कारण संहितेतील सर्वांत कठोर भाग तोच आणि संशोधकाला सर्वाधिक देणाराही तोच. पंचवीस वर्षांखालील पुत्राला आणि एकवीस वर्षांखालील कन्येला मातापित्यांच्या संमतीवाचून विवाह करता येत नसे. उभयतांत मतभेद झाल्यास बापाचा शब्द अखेरचा मानला जाई. मातापिता दोघेही वारले असतील तर अधिकार आजा-आजींकडे जाई. म्हणूनच अल्पवयात पोरके झालेल्या वराच्या विवाहलेखात आजोबा अवचित प्रकट होतात आणि शोधाची एक अख्खी पिढी न मागता पदरात पडते. वयाची मर्यादा ओलांडल्यावरही मोकळीक नव्हती: पुत्राने तिसाव्या आणि कन्येने पंचविसाव्या वर्षापर्यंत नोटरीमार्फत मायबापांना आदरपूर्वक विनंतीलेख बजावावा, नकार आल्यास महिन्या-महिन्याच्या अंतराने आणखी दोनदा बजावावा, आणि तिसऱ्यानंतर एक महिना लोटल्यावरच त्यांच्या इच्छेविरुद्ध विवाह करावा असा नियम होता. हे विनंतीलेख नोटरींच्या दप्तरांत आढळतात आणि विवाहलेखात त्यांचा तारीखवार उल्लेख असतो. अठ्ठावीस वर्षांचा कमावता मुलगा बापाच्या उंबऱ्यावर नोटरी पाठवून तीन-तीनदा आशीर्वाद मागतो आहे आणि बाप तीन-तीनदा नकार लिहवून घेतो आहे, ही हकीकत वाचताना त्या कायद्याचा मला संताप येतो, आणि त्याच कायद्यामुळे त्या मुलाचे मन दोनशे वर्षांनी आपल्याला कळते याचा विस्मयही वाटल्यावाचून राहत नाही.

ज्यांना मायबापच ठाऊक नव्हते त्यांच्याविषयी एक संपूर्ण प्रकरण पुढे आले आहे. १८११ च्या हुकुमाने अनाथालयांच्या भिंतीत फिरते पाळणे बसविण्यात आले. रात्री त्यात मूल ठेवून घंटा वाजवावी आणि निघून जावे, आतली बाई पाळणा फिरवून मूल घेई. अशा मुलांना नाव देणारा कारकून असे, बाप नसे. ती मोठी होऊन विवाहाला उभी राहत तेव्हा कायदा त्यांनाही सोडीत नसे: एकवीस वर्षांखालील असतील तर त्यांच्या वतीने खास नेमलेला पालक संमती देई, जन्मदाखला मिळण्यासारखा नसेल तर शांतिन्यायाधीशापुढे सात साक्षीदारांनी शपथेवर दिलेले निवेदन त्याच्या जागी चाले. दुसरीकडे, विवाहापूर्वी जन्मलेल्या अपत्यांचा स्वीकार करून त्यांना औरसत्व देण्याची सोयही विवाहातच होती. लेखाच्या अखेरीस, 'आणि उभयतांनी असे सांगितले की' अशा अर्थाच्या शब्दांनी एक पुरवणी सुरू होते, एकदोन मुलांची नावे व जन्मतारखा येतात, आणि आतापर्यंत केवळ आईच्या नावावर वहीत बसलेले एक मूल त्या दिवशी बापाचे होते. ही पुरवणी न वाचता पान उलटणाऱ्या संशोधकाला त्या मुलाचा पत्ता दुसरीकडे क्वचितच लागेल.

सह्यांचा विषय असाच मोलाचा. मराठी महजरांवर निरक्षर कुणब्याने नांगराची निशाणी केलेली आपण पाहिली आहे. फ्रेंच लेखात अशा माणसाविषयी, त्याला सही करता येत नसल्याचे त्याने सांगितले, एवढेच एक वाक्य असते. सही असली तर मात्र ती त्या माणसाच्या हातची एकमेव उरलेली खूण असण्याचा संभव मोठा. १८७७ ते १८७९ या काळात लुई माज्जिओलो या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने देशभरच्या हजारो शाळामास्तरांकडून विवाहाच्या वह्यांतील सह्यांची गणती करवून घेतली. १६८६ ते १६९० या काळात सुमारे २९ टक्के वर आणि १४ टक्के वधू सही करू शकत होत्या. १७८६ ते १७९० मध्ये हे प्रमाण सुमारे ४७ आणि २७ टक्क्यांवर आले होते. सेंट-मालोपासून जिनिव्हापर्यंत रेघ ओढली असता तिच्या उत्तरेकडे साक्षरता जास्त आणि दक्षिणेकडे कमी, हे त्या गणतीतून निघालेले अनुमान पुढे इतिहासकारांच्या चर्चेचा कायमचा विषय झाले. एका जोडप्याच्या वेड्यावाकड्या अक्षरांतून राष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहिता येतो हे ज्या मास्तरांनी आपल्या गावच्या वह्या चाळून दाखवून दिले, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

मराठी वाचकाला सर्वांत अपूर्व वाटेल ती गोष्ट स्त्रियांच्या नावांची. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदले, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येई, आणि पुष्कळ घरांत तांदळात बोट फिरवून तिचे स्वतःचे नावही नवे ठेवले जाई. त्यामुळे कुलवृत्तांताच्या संपादकाला एखाद्या सुनेचे माहेर शोधताना अक्षरशः अंधारात चाचपडावे लागते. फ्रान्समध्ये १७९४ च्या कायद्याने जन्मलेखातील नावाखेरीज दुसरे नाव धारण करण्यास सर्वांनाच मनाई केली. स्त्री व्यवहारात पतीच्या आडनावाने ओळखली जाई खरी, पण वहीत ती जन्मापासून मृत्यूपर्यंत आपल्या बापाच्याच आडनावाने वावरते. आज्ञापालनाचे कलम ऐकवणाऱ्या त्याच कचेरीने तिचे नाव मात्र तिच्यापाशी राहू दिले, आणि परिणामी आईची आई, तिची आई अशी केवळ स्त्रियांची परंपरा सात-आठ पिढ्या मागे नेणे तेथे शक्य होते. आपल्याकडील कोणत्या घराण्याला हे करता येईल?

शोधाच्या वाटेवरील अडचणींचा विस्तार ग्रंथात आहेच. येथे एक-दोनच सांगतो. १७९३ पासून १८०५ च्या अखेरपर्यंत तारखा प्रजासत्ताकाच्या पंचांगाप्रमाणे पडतात, म्हणजे आठव्या वर्षातील १८ ब्रूमेर हा दिवस ९ नोव्हेंबर १७९९ समजावा लागतो. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षाअखेरचे जादा दिवस यांचे कोष्टक जवळ ठेवल्यास हा घोटाळा लवकर सुटतो. त्याहून फसवी गोष्ट अशी की १७९८ च्या एका कायद्याने विवाह केवळ दर दहाव्या दिवशी, आणि तेही तालुक्याच्या ठाण्यात, लावण्याचे बंधन घातले; ते १८०० मध्ये उठले. त्या दोन वर्षांतील विवाह गावच्या वहीत दिसत नाही म्हणून तो झालाच नाही असे मानू नये, तालुक्याची वही पाहावी. वहीगणिक पाने उलटण्याचे श्रम वाचविण्यासाठी दशवार्षिक फेरिस्ता आहेत, आणि त्या १८०३ ते १८१२, १८१३ ते १८२२ अशा क्रमाने लागलेल्या आहेत. जुलै १८५० च्या कायद्यानंतर विवाहकरार झाला असल्यास त्याची तारीख आणि नोटरीचे नाव लेखातच येऊ लागले, त्यामुळे हुंड्यातील चादरींपासून गाईपर्यंतची यादी नोटरीच्या दप्तरात पाहता येते. विवाहासाठी सादर केलेले जन्माचे, मृत्यूचे, संमतीचे दाखले न्यायालयात वेगळे बांधून ठेवीत. ज्या जिल्ह्यात ही पुडकी शिल्लक आहेत तेथील संशोधक भाग्यवान होय.

एवढे दाखले जमवणे फुकट होत नसे. मुद्रांक, नकला, नोटरीचे शुल्क आणि दूरच्या गावाशी पत्रव्यवहार यांचा भार न पेलल्यामुळे शहरांत आलेली गरीब जोडपी विवाहावाचूनच संसार करीत. त्यांचे कागद जमवून देण्यासाठी पॅरिसमध्ये १८२६ साली ज्यूल गोसँ यांनी सेंट फ्रान्स्वा-रेजिस यांच्या नावाने एक संस्था स्थापली, आणि १० डिसेंबर १८५० च्या कायद्याने निर्धनांना हे दाखले विनामूल्य मिळण्याची तरतूद झाली. तोवर जी जोडपी वहीत आलीच नाहीत त्यांची आठवण, त्यांच्या मुलांचे जन्मलेख वगळता, फारशी उरलेली नाही. कायद्याच्या संशयाने ज्यांना पूर्वज दिले त्यांची संख्या मोठी असली, तरी त्याच संशयाच्या खर्चाने ज्यांची नावे वहीबाहेर राहिली त्यांनाही या प्रस्तावनेत जागा असली पाहिजे.

पॅरिसची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे अशक्य आहे. दुहेरी वह्यांची पद्धत आगीच्या आणि चोरीच्या भयानेच पडली होती. पॅरिसमध्ये एक प्रत नगरभवनाच्या दप्तरात आणि दुसरी सेन नदीच्या फाट्यापलीकडे न्यायमंदिरात ठेवलेली असे. मे १८७१ मध्ये, कम्यून या क्रांतिकारी नगरसत्तेच्या पाडावाच्या रक्तरंजित आठवड्यात, २४ तारखेस दोन्ही वास्तू पेटल्या आणि सोळाव्या शतकापासून १८५९ पर्यंतचे सुमारे ऐंशी लाख लेख जळून गेले. पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १८७२ च्या कायद्याने या नोंदी पुन्हा सिद्ध करण्याचे काम हाती घेण्यात आले: घरोघर पेट्यांत पडलेल्या नकला नागरिकांनी आणून दिल्या, चर्चच्या वह्या, नोटरींची दप्तरे, सरकारी खात्यांतील दाखले धुंडाळले गेले, आणि हे काम १८९७ पर्यंत चालले. सुमारे एक तृतीयांश लेख अशा रीतीने परत मिळाले. त्यांत विवाहांच्या वेळी काढलेल्या नकलांचा वाटा मोठा आहे, म्हणजे कायद्याने पूर्वी ज्या दाखल्यांसाठी लोकांना छळले त्याच दाखल्यांनी एका महानगराचा भूतकाळ अंशतः वाचवला. १८६० पूर्वी पॅरिसमध्ये विवाह झालेल्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने प्रथम या पुनर्रचित लेखांची चिठ्ठ्यांवरील सूची पाहावी, आणि तेथे निराशा झाल्यास वधूच्या किंवा वराच्या मूळ गावाकडून उलट दिशेने यावे.

या साऱ्याचा मराठी माणसाशी संबंध काय, असे विचारणाऱ्याने मॉरिशसकडे पाहावे. ते बेट १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले, पण तेथील फ्रेंच कायदे त्यांनी कायम ठेवले. त्यामुळे नागरी संहिता आणि नागरी विवाह ही दोन्ही तेथे इंग्रजी अमलातही चालू राहिली. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर कराराने बांधून त्या बेटावर उतरले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील कुटुंबेही होती. मजूर उतरताच त्याला क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरील खुणा अशी त्याची नोंद होई, आणि १८६० नंतरच्या दशकांत छायाचित्रही काढू लागले. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. परंतु उसाच्या मळ्यावर अंतरपाट धरून, आप्तेष्टांच्या साक्षीने लागलेले लग्न तेथील कायद्याच्या लेखी लग्न नव्हते. अशा संसारातील मुले औरस गणली जात नसत, आणि आजोबाचे व्यक्तिनाव नातवाचे आडनाव होऊन बसे. कचेरीत जाऊन विवाह नोंदविणारी जोडपी पुष्कळदा उशिरा गेली, काही तर मुले मोठी झाल्यावर. त्या विवाहलेखात वधूवरांचे मजूर-क्रमांक लिहिलेले असतात. तो क्रमांक घेऊन मोका येथील वहीत गेल्यास मुंबईहून निघालेले जहाज, बापाचे नाव आणि इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले गाव सापडते. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांसाठी हाच मार्ग सर्वांत विश्वासाचा असल्याने त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि कोकणातील गावांची नावे रोमन लिपीत कशी विपर्यस्त होतात याची उदाहरणेही तेथे दिली आहेत.

शेवटी प्रत्यक्ष आरंभ करणाऱ्याला दोन शब्द. विवाहलेख पंचाहत्तर वर्षांनी सर्वांस खुले होतात, आणि बहुतेक जिल्ह्यांच्या दप्तरखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या वह्यांची छायाचित्रे विनाशुल्क पाहावयास उपलब्ध केली आहेत. घरबसल्या काम होते. १८९७ च्या कायद्याने विवाहाची नोंद जन्मलेखाच्या समासात करण्याचे ठरले, तेव्हा त्या सुमाराच्या व त्यानंतरच्या माणसाचा जन्मलेख हाती आल्यास समास आधी वाचावा. विवाह बहुधा वधूच्या गावी झालेला असतो, त्यामुळे वराच्या गावी तो न सापडल्यास खचून जाण्याचे कारण नाही. आणि चार साक्षीदारांची नावे न कंटाळता उतरून घ्यावी. १८९७ पर्यंत साक्षीदार पुरुषच असत, आणि १९१९ पर्यंत त्यांची संख्या चार होती. त्यांचे वय, धंदा, गाव आणि वधूवरांशी असलेले नाते लिहिलेले असते. मायबापांच्या गावाचे नाव पुसट झाले, दाखला हरवला, अधिकाऱ्याने आडनाव चुकीचे लिहिले, अशा वेळी वधूचा मामा म्हणून सही करणाऱ्या एखाद्या गाडी बनवणाऱ्या सुताराचा स्वतःचा विवाहलेख काढावा. त्यात त्याच्या मायबापांची नावे असतील, आणि तीच वधूच्या आईच्या मायबापांची नावे.